केक कापून शिकवलेला भूगोल: सह्याद्रीचे थर, दरड आणि खाडीची भरती

मुंब्रा स्थानकाच्या फलाटावर उभे राहून मागच्या डोंगराकडे नीट पाहिले, तर कातळाच्या आडव्या पट्ट्या एकावर एक रचल्यासारख्या दिसतात: उभा कडा, मग थोडी गवताळ पायरी, पुन्हा कडा, पुन्हा पायरी. मी कळव्यात राहते आणि शनिवारी दुपारी सहावी ते नववीच्या मुलांना भूगोल शिकवते. ही मुले हा डोंगर जन्मापासून पाहत आली आहेत. तरीही डोंगराचे चित्र काढायला सांगितले की ती त्रिकोण काढतात, आणि ज्वालामुखीचे चित्र काढायला सांगितले की त्याच त्रिकोणाच्या टोकातून लाल रस ओघळवतात. आपला सह्याद्री ज्वालामुखीनेच घडवला, पण तो ज्वालामुखी त्रिकोणी नव्हता, हे फळ्यावर कितीही वेळा सांगितले तरी मनात ठसत नाही. केक कापला की ठसते, कारण नकाशा जमिनीचा वरचा चेहरा दाखवतो आणि सुरी तिचे पोट दाखवते.

सोडा आणि व्हिनेगर घालून फसफसवलेला ज्वालामुखी केक मी मुद्दाम करत नाही. तो पाहायला गंमत वाटते, परंतु त्यातून मुलांच्या हाती लागते ती एक रासायनिक क्रिया, आणि ती खऱ्या ज्वालामुखीत घडत नाही. शिवाय शंकूसारखा जागृत ज्वालामुखी पाहायचा, तर आपल्या देशात थेट अंदमान समुद्रातल्या बॅरन बेटापर्यंत जावे लागते. ठाणे आणि नवी मुंबईच्या मुलांच्या पायांखालची जमीन निराळी आहे: लाव्हाचे थर, त्यांवरचा मुरूम आणि माती, आणि शेजारी खाडी. म्हणून या लेखात दोन केकची सविस्तर कृती देत आहे. पहिल्या केकवर सह्याद्रीची घडण आणि दरड हे दोन्ही धडे होतात. दुसरा केक नवी मुंबईतल्या धारण तलावांचा, म्हणजे भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवून ठेवणाऱ्या तलावांचा आहे. शेवटी भूकंपाचा एक लहान प्रयोगही जोडला आहे.

केव्हा आणि किती मुलांसाठी

शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात आणि मोठ्या दरडी बहुधा जुलैत कोसळतात, त्यामुळे जूनचा शेवटचा आठवडा या धड्यासाठी सर्वांत योग्य आहे. एका केकभोवती आठ ते दहा मुलेच बसवावीत. त्याहून अधिक झाली की मागच्यांना काहीच दिसत नाही. थर आदल्या दिवशी भाजून ठेवावेत, म्हणजे ते कापताना चुरा होत नाहीत. पावसाळी हवेत फाँडंट (साखरेचे लाटून लावायचे आवरण) ओले होऊन चिकटते आणि लोण्याचे आयसिंग पंख्याखालीही ढासळते, म्हणून या दोन्हींच्या वाटेला जाऊ नये. चॉकलेट आणि क्रीम यांचे घट्ट गनाश आपल्या हवेत टिकते.

मूळ केक

हा केक बिनअंड्याचा आणि बिनदुधाचा आहे, त्यामुळे सोसायटीतल्या बहुतेक घरांतली मुले तो खाऊ शकतात. तरीही कोणाला गहू, नारळ, दूध किंवा अन्य कशाची अ‍ॅलर्जी आहे का, हे पालकांना आधी विचारून घ्यावे.

चार थरांसाठी ३८० ग्रॅम मैदा, ४०० ग्रॅम पिठीसाखर, ५० ग्रॅम कोको पावडर, दोन सपाट छोटे चमचे खाण्याचा सोडा आणि एक छोटा चमचा मीठ एकत्र करून दोनदा चाळून घ्यावे. या कोरड्या मिश्रणाचे वजन करून चार समान भाग करावेत. प्रत्येक भाग साधारण २१० ग्रॅमचा होतो. एका भागासाठी १२० मिलिलिटर पाणी, ४० मिलिलिटर बिनवासाचे तेल, दीड छोटा चमचा पांढरे व्हिनेगर आणि अर्धा छोटा चमचा व्हॅनिला इसेन्स लागतो.

येथे एक गोष्ट काटेकोरपणे पाळावी लागते. व्हिनेगर आणि सोडा एकत्र आले की वायू लगेच सुटू लागतो, म्हणून चारही थरांचे पीठ एकदम भिजवून ठेवू नये. ओव्हन १८० अंश सेल्सिअसला तापल्यावरच पहिल्या भागात पाणी, तेल आणि इसेन्स घालावे, शेवटी व्हिनेगर घालून वीस-पंचवीस वेळा हलक्या हाताने ढवळावे आणि तळाला कागद लावलेल्या २० सेंटिमीटरच्या चौकोनी डब्यात लगेच ओतावे. पंधरा ते अठरा मिनिटांत थर तयार होतो; मधोमध खुपसलेली काडी कोरडी बाहेर आली पाहिजे. मग दुसरा भाग भिजवावा. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात जाड मीठ पसरून, वर जाळी ठेवून, झाकण लावून दहा मिनिटे तापवावे आणि थर मंद आचेवर भाजावा. त्याला साधारण पंचवीस मिनिटे लागतात.

मुले स्वयंपाकघरात असतील, तर डबा ओव्हनमध्ये जाण्यापूर्वी त्यांना पिठाच्या पृष्ठभागाकडे पाहायला सांगावे. बारीक बुडबुडे वर येतात आणि फुटतात, काही आतच अडकतात, आणि पीठ भाजून घट्ट झाले की अडकलेल्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या उरतात. लाव्हाच्या थरातही असेच होते. तेथे सोडा नसतो. खोलवर दाबाखाली विरघळलेला वायू, दाब कमी झाल्यावर, बाहेर पडू लागतो आणि थर थिजताना त्यातला काही वरच्या भागात अडकून राहतो. कारण वेगळे, पण खूण सारखी. हा फरक मुलांना आवर्जून सांगावा, कारण सारखे दिसते म्हणजे सारख्याच कारणाने घडले, असे समजण्याची सवय भूगोलात घातक ठरते.

थर रचणे

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राच्या जागी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा पुन्हा पुन्हा वाहून दूरवर पसरला. एक थर थिजायचा, काही काळ उघड्यावर पडून त्याची झीज व्हायची, त्यावर माती तयार व्हायची आणि मग पुढचा थर त्या मातीला भाजत वर येऊन बसायचा. या भाजलेल्या मातीच्या लाल पट्ट्या आजही घाटात आणि खाणींत दोन काळ्या थरांच्या मध्ये दिसतात. त्या दाखवण्यासाठी मी बाजारचा जॅम वापरत नाही. तो फार गुळगुळीत असतो आणि थर सरकतात. त्याऐवजी नारळाच्या वडीचे सारण करते. तीन वाट्या खवलेला ओला नारळ, दीड वाटी साखर आणि पाच-सहा चमचे बिटाचा रस कढईत मंद आचेवर परतून, गोळा होऊ लागला की उतरवावे. ते लाल, रवाळ आणि ओलावा धरून ठेवणारे होते, म्हणजे मातीसारखे.

गनाशसाठी ३०० ग्रॅम गडद चॉकलेट बारीक चिरून त्यावर १५० मिलिलिटर गरम क्रीम ओतावे, दोन मिनिटे थांबून ढवळावे आणि गार करावे. आता पहिला केकचा थर पाटावर ठेवावा. त्याच्या वरच्या पृष्ठभागावर कबाबच्या काडीने अर्धा सेंटिमीटर खोल भोके पाडावीत आणि त्यांतल्या काहींमध्ये खडीसाखरेचे बारीक खडे दाबावेत. लाव्हाच्या थरातल्या पोकळ्यांमध्ये पुढे भूजलातून झिओलाइट आणि तत्सम खनिजे साचली. महाराष्ट्रातल्या खाणींमधून निघालेले त्यांचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत ठेवलेले आहेत. खडीसाखर ओलाव्याने विरघळते, म्हणून हे काम धड्याच्या दिवशीच करावे. त्यावर गनाशचा पातळ हात फिरवून सारणाचा अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर पसरावा, मग दुसरा केक, आणि याच क्रमाने चारही थर रचावेत. सर्वांत वर सारण लावू नये. एकूण उंची नऊ ते दहा सेंटिमीटर भरते. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्यावर थर एकमेकांना धरतात.

प्रत्यक्षात सह्याद्रीत असे कितीतरी अधिक थर आहेत आणि एकेक थर काही मीटरपासून अनेक दशक मीटरपर्यंत जाड आहे. चारच थर ही आपली सोय आहे, हे मुलांना सांगून टाकावे. या खडकांना डेक्कन ट्रॅप म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. टणक थर कड्यासारखा उभा राहतो, ठिसूळ भाग झिजून मागे सरतो, आणि मुंब्र्याच्या फलाटावरून दिसणारी पायऱ्यांची रचना तयार होते. पाट एका बाजूने थोडा उचलून केक पश्चिमेकडे झुकवला, तर आणखी एक गोष्ट दाखवता येते: खंडाळ्याकडे जवळजवळ आडवे असलेले हे थर पनवेलच्या पट्ट्यात समुद्राच्या दिशेने खाली कलतात.

उतार कापणे

या धड्यातला माझा सर्वांत आवडता क्षण येथे येतो. केकच्या वरच्या पृष्ठभागावर मागच्या कडेपासून पाच सेंटिमीटर सोडून एक रेघ आखावी, ते पठार. त्या रेघेपासून समोरच्या तळाच्या कडेपर्यंत लांब, दातेरी सुरीने तिरका काप द्यावा. उंची दहा आणि आडवे अंतर पंधरा सेंटिमीटर असेल, तर उताराचा कोन साधारण ३४ अंश होतो. नववीतल्या मुलांकडून तो कागदावर काढून घ्यावा. सुरी मोठ्यांच्याच हातात असावी. कापण्यापूर्वी प्रत्येकाने वहीत आतले चित्र कसे असेल ते काढावे, आणि मग कापलेला तुकडा हळूच बाजूला सरकवावा. काळा, लाल, काळा, लाल, आणि काळ्याच्या वरच्या अंगाला चमकणारे पांढरे ठिपके. दोन-तीन सेकंद कोणी बोलत नाही, आणि मग एखादे मूल हमखास म्हणते, "बाई, हा तर मुंब्र्याचा डोंगर!"

कापून काढलेला तुकडा खायला देण्याची घाई करू नये. त्यातला साधारण अडीचशे ग्रॅम भाग सारणासकट हाताने कुस्करून भुगा करावा. डोंगरावरची माती बाहेरून येत नाही, ती त्याच डोंगराच्या खडकाची झीज होऊन बनते, हे यापेक्षा सोप्या रीतीने मला आजवर सांगता आलेले नाही. खडक आधी कुजून मुरूम होतो आणि मुरमाची पुढे माती होते. भुग्यात काही मोठे तुकडे तसेच राहू द्यावेत. दरडीबरोबर दगडही येतात.

दरडीचा प्रयोग

उताराच्या कापलेल्या पृष्ठभागावर उरलेले गनाश सपाट फिरवून फ्रिजमध्ये घट्ट करावे. हा पाणी न मुरणारा कातळ. केकच्या दोन्ही बाजूंना मात्र गनाश लावू नये, म्हणजे प्रयोग चालू असतानाही थर दिसत राहतात. उतारावर वेफर बिस्किटांच्या दोन उभ्या भिंती लावून तीन पट्टे करावेत आणि तिन्हींवर दीड सेंटिमीटर जाडीचा भुगा हलक्या हाताने थापावा. डावा पट्टा तसाच ठेवावा. मधल्या पट्ट्यात कोरड्या, जाड शेवयांचे दोन इंची तुकडे भुग्यातून आरपार खालच्या केकमध्ये खोचावेत; ती झाडांची मुळे. त्यासाठी गनाशला आधी काडीने भोके पाडावी लागतात. उजव्या पट्ट्याच्या पायथ्याशी चमच्याने भुगा उभा खरवडून काढावा, जसा रस्त्यासाठी किंवा घरासाठी डोंगराचा पाय कापतात. संपूर्ण केक कड असलेल्या मोठ्या ताटात ठेवावा.

पावसासाठी मी साखर घातलेले गार दूध वापरते. काळ्या भुग्यावर पांढरे दूध कोठून आत शिरते ते स्पष्ट दिसते, आणि प्रयोग संपल्यावर ताटातला लगदा फेकावा लागत नाही. अन्नाशी खेळू नये, हा घरातल्या मोठ्यांचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, म्हणूनच येथे खाता येणार नाही असे काहीही वापरलेले नाही. दूध चालत नसलेल्या मुलांसाठी गनाशशिवायचा केकचा भाग आधीच काढून ठेवावा.

प्रथम स्प्रेच्या बाटलीने तिन्ही पट्ट्यांवर दुधाचे चार-चार हलके फवारे मारावेत. मुलांना वाटते की आता भुगा घसरेल, पण तो उलट अधिक घट्ट बसतो. समुद्रकिनाऱ्यावर ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो आणि कोरड्या वाळूचा राहत नाही, त्याचेच हे रूप आहे. येथे थांबून बोलावे, कारण पहिल्या पावसात काही झाले नाही म्हणजे उतार पक्का आहे, हा समज याच ठिकाणी मोडता येतो. नंतर प्रत्येक पट्ट्याच्या माथ्यावर एकेक मोठा चमचा दूध सावकाश सोडावे, दोन चमच्यांमध्ये अर्धा मिनिट थांबावे आणि एका मुलाने चमचे मोजून वहीत लिहावेत. दूध भुग्यात मुरते, कातळाशी अडते, कणांमधली जागा भरत जाते आणि कण एकमेकांना धरून ठेवणारे घर्षण कमी होते. बहुतेक वेळा पाय कापलेला पट्टा सर्वांत आधी सुटतो. सुटण्यापूर्वी माथ्याजवळ केसाएवढी आडवी भेग पडते. ती दिसताच हात थांबवून सर्वांना दाखवावी, कारण खऱ्या डोंगरावरही हीच पहिली सूचना असते.

मधला पट्टा बराच वेळ टिकतो. मात्र झाडे असली की दरड येत नाही, असा निष्कर्ष मुलांनी घरी नेऊ नये. मुळे जेवढी खोल, तेवढीच माती ती धरतात; त्याखालून जमीन सुटली तर झाडे उभीच्या उभी खाली येतात. हे दाखवण्यासाठी एखाद्या कोपऱ्यात शेवया केकपर्यंत न पोहोचवता फक्त भुग्यात खोचून ठेवाव्यात.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. पहिल्या वर्षी मी उताराच्या पायथ्याशी बिस्किटांची लहान लहान घरे मांडली होती. भुगा घसरून घरे गाडली गेली तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या घोळक्यात एक मुलगी होती, तिने हात मांडीखाली दाबून धरले होते आणि ती ताटाकडे पाहत नव्हती. तिचे आजोळ महाडकडचे होते, हे मला नंतर कळले. त्यानंतर मी उताराखाली घर कधीच मांडले नाही. आता आधी माती येऊ देते, ती ताटात कोठवर पोहोचली त्या कडेने मुलांकडून पिठीसाखरेची रेघ ओढून घेते, आणि मग प्रत्येकाच्या हातात एक बिस्किट देऊन विचारते की तू घर कोठे बांधशील आणि का. रेघ पायथ्यापासून अपेक्षेपेक्षा बरीच दूर गेलेली असते, आणि चर्चा आपोआप सुरू होते.

खऱ्या घटना या चर्चेनंतर, साध्या आणि शांत शब्दांत सांगाव्यात. आंबेगाव तालुक्यातले माळीण ३० जुलै २०१४ रोजी गाडले गेले, महाड तालुक्यातले तळिये २२ जुलै २०२१ रोजी, आणि खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. इर्शाळवाडी नवी मुंबईपासून फार लांब नाही. कळव्यातही जुलै २०२१ मध्ये घरावर दरड कोसळून माणसे दगावली. वर्गातल्या कोणाचे नातेवाईक या गावांतले आहेत का, याची चौकशी आधीच, मुलांसमोर नव्हे तर पालकांकडे, करून ठेवावी.

शेवटी धोक्याच्या खुणा वहीत लिहून घ्याव्यात: उतारावर किंवा घराच्या जोत्याला नव्या भेगा पडणे, झाडे आणि विजेचे खांब कलणे, एरवी उघडझाप होणारी दारे अचानक अडकणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, आणि ओढ्याचे पाणी पाऊस चालू असतानाही कमी होणे, कारण वर कोठेतरी तो अडलेला असू शकतो. यातले काहीही दिसले तर सामान न आवरता बाहेर पडायचे, उताराच्या वाटेतून आडवे बाजूला जायचे आणि ११२ क्रमांकावर कळवायचे.

खाडी, बांध आणि धारण तलाव

नवी मुंबईचे काही भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली वसवलेले आहेत. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने तेथे डच पद्धतीचे धारण तलाव बांधले. भरतीच्या वेळी दारे मिटतात आणि खाडीचे पाणी आत येत नाही. त्या वेळात पडलेला पाऊस तलावात साठतो. ओहोटी लागली की दारे उघडून तो खाडीत जातो. ही कल्पना या भागाला परकी नव्हती. खारजमिनीत भात पिकवणारे आगरी शेतकरी पूर्वीपासून बांधाला उघाडी, म्हणजे उघडझाप होणारे दार, ठेवत आले आहेत आणि तिचे काम हेच असते.

या केकसाठी मूळ कृतीतले कोरडे मिश्रण निम्मे घेऊन, कोकोऐवजी तेवढाच मैदा वापरून, वाशी किंवा नेरूळच्या जमिनीसारखा एकच जाड थर भाजावा. त्याला तीस ते पस्तीस मिनिटे लागतात. उंची चार-साडेचार सेंटिमीटर भरली पाहिजे. थर गार झाल्यावर एका कडेला खाडी आणि तिच्यापासून दोन सेंटिमीटरची भिंत सोडून १० सेंटिमीटर लांब, ८ रुंद आणि ३ खोल असा तलाव कोरावा. दोन्ही खड्ड्यांना आतून गनाशचे दोन हात द्यावेत आणि प्रत्येक हातानंतर ते घट्ट होऊ द्यावे. गनाश लावताना कंजुषी केली तर केक पाणी पितो आणि सगळा धडा भिजतो. भिंतीच्या तळाशी कागदी स्ट्रॉचा तुकडा बसवावा, आणि खाडीच्या बाजूच्या तोंडावर विड्याच्या पानाचा नाण्याएवढा तुकडा फक्त वरच्या कडेने गनाशने चिकटवावा. हे पान म्हणजे उघाडीचे दार.

गोकर्णाची निळी फुले गरम पाण्यात घालून गार केलेले पाणी खाडीत ओतावे. पाणी चढले की पान स्ट्रॉच्या तोंडावर दाबले जाते आणि तलावात थेंब-दोन थेंबच शिरतात. आता तलावात साध्या पाण्याचा पाऊस पाडावा. खाडी भरलेली असेपर्यंत तो साठत राहतो. मग खाडीतले पाणी चमच्याने उपसून ओहोटी आणावी. पान आपोआप उचलले जाते आणि तलाव खाडीत रिकामा होऊ लागतो. पान फार मोठे कापले तर ते उचलले जात नाही, म्हणून घरी एकदा करून पाहावे.

हिशोबही करून घ्यावा. तलावात २४० मिलिलिटर पाणी मावते. तळाशी दीड सेंटिमीटर भुगा घातला की जागा निम्मी होते, आणि तेवढ्याच पावसाला शहरात पाणी येते. खऱ्या तलावांतही गाळ साचतो, गाळावर खारफुटी रुजते, आणि खारफुटीला कायद्याचे संरक्षण असल्याने तो गाळ काढणे हा साधा कामाचा प्रश्न राहत नाही. खारफुटी खाडीचा किनारा धरून ठेवते, तीच तलावात वाढली तर पाण्याची जागा घेते. मोठ्या मुलांना हा पेच तसाच उघडा सोडून द्यावा, कारण त्याचे एका ओळीचे उत्तर नाही.

भरती-ओहोटीचे वेळापत्रक वर्गात लावावे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी चढणारी, आणि कोळी-आगरी घरांतल्या मुलांना हे शब्द घरूनच ठाऊक असतात. त्यांनाच समजावून सांगू द्यावे. मुसळधार पाऊस आणि उधाण एकाच वेळी आले की पाण्याला जायला वाट उरत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. मुलांनी पट्टीवर ९४ सेंटिमीटर मोजून भिंतीवर खूण करावी आणि तिच्याजवळ उभे राहावे. पाचवीतल्या मुलाच्या छातीपर्यंत ती येते.

भूकंपाचा लहान प्रयोग

हा दहा मिनिटांचा आहे. एका ताटलीत चायना ग्रासची मऊसर जेली लावावी, दुसऱ्या ताटलीत उरलेल्या केकचा घट्ट तुकडा ठेवावा, आणि दोन्हींवर बिस्किटांचे सारखे मनोरे रचावेत. दोन्ही ताटल्या एकाच ट्रेमध्ये ठेवून ट्रे आडवा, सारख्या लयीत हलवावा. जेलीवरचा मनोरा बहुधा आधी पडतो, कारण मऊ जमिनीत हादरे वाढतात. खाडीकाठच्या भरावावर राहणाऱ्यांनी हे जाणून घ्यायलाच हवे. नंतर बिस्किटांमध्ये गनाश लावून तोच मनोरा पुन्हा रचावा. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप याच बेसॉल्टच्या, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाच्या, प्रदेशात झाला. किल्लारीत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. बिस्किटांना धरून ठेवणारा थर का लागतो, हे मुलांना तेथे वेगळे सांगावे लागत नाही.

वाटप

हात धुण्याची आणि पिण्याच्या पाण्याची सोय आधीच करून ठेवावी. स्प्रेची बाटली नवी असावी. घर पुसायच्या औषधाची धुऊन वापरू नये. गनाश आणि दूध असलेला केक दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू देऊ नये. गोकर्णाच्या पाण्यात भिजलेला भाग कापून बाजूला करावा, दरडीचा दुधाळ लगदा वाट्यांमध्ये घालून चमच्याने द्यावा, आणि पठाराखालचा न भिजलेला डोंगर उभा कापावा, म्हणजे प्रत्येक तुकड्यात चारही थर येतात. माझ्याकडे तुकडा हातात मिळाल्यावर मूल तळापासून वरपर्यंत थरांची नावे क्रमाने सांगते, सर्वांत जुना थर कोणता ते बोटाने दाखवते, आणि मग पहिला घास घेते.